ट्रॅक्टरचं लाइनर आणि ३९० चा ब्लॉक

शिरपूरच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्याच्याकडे २०१६ ची केटीएम ड्यूक ३९० मोटरसायकल आहे. मे महिन्यात धुळ्याहून घरी जाताना नरडाण्याच्या अलीकडे कूलंटचा पाइप सुटला आणि लक्षात येईपर्यंत गाडी पकडली, म्हणजे तापून पिस्टन अडकला आणि इंजिन जाम झालं. इंजिन खोललं तर बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्या गोल भोकात चालतो त्यात, उभ्या रेघा. गावातल्या मशीनवाल्याने सांगितलं, "लाइनर टाकून देतो, पुन्हा बघायला नको." (लाइनर म्हणजे बोअरमध्ये दाबून बसवायची लोखंडी नळी.) इंटरनेटवर वाचलं की निकासिल नावाचं निकेलचं कोटिंगच करायला हवं, आणि लगेच दुसरीकडे वाचलं की पेट्रोलमधला गंधक निकासिल खाऊन टाकतो. इंजिन उघडलंच आहे तर हाय-कॉम्प्रेशन पिस्टन आणि कॅम टाकून गाडी ट्रॅकवर न्यायची त्याची इच्छा आहे. शिवाय मित्राची जिप्सी रॅलीसाठी बनते आहे, तिलाही हाच सल्ला लागू होईल का, हे हवंय. "काका, लाइनर की कोटिंग, एकच काय ते सांगा."

बाळा, तुझ्या ३९० ला लाइनर टाकू नकोस, आणि मित्राच्या जिप्सीला कोटिंग करू नको म्हणावं. आता दोघांना उलटं उत्तर का, ते नीट समजून घे. मशीनवाल्यासमोर उभा राहशील तेव्हा तुला प्रश्न विचारता आले पाहिजेत.

मी धुळ्यात आग्रा रोडच्या बाजूला बोअरिंग-होनिंगचं काम, म्हणजे बोअर कापायचं आणि घोटून मापाला आणायचं काम, अठ्ठावीस वर्षं करतोय. पहिली कित्येक वर्षं माझ्याकडे फक्त ट्रॅक्टर, ट्रक आणि शेतावरची डिझेल इंजिनं यायची. कापसाचे ट्रक, रावेर-सावद्याकडून केळी भरून निघालेल्या गाड्या, नांगरटीत तापलेले ट्रॅक्टर. या इंजिनांत लाइनर म्हणजे रोजचं काम. जुना ओढून काढायचा, खालच्या रबरी रिंगा बदलायच्या, नवा बसवायचा, वरची कडा ब्लॉकच्या (बोअर ज्यात असतो त्या ओतीव भागाच्या) तोंडापासून किती वर राहते ते डायल गेजने बघायचं, झालं. आपल्या खान्देशातल्या जवळपास प्रत्येक मशीनवाल्याचा हात याच कामावर बसलाय. म्हणून कुठलाही बोअर खराब दिसला की तोंडातून आपोआप निघतं, "टाक लाइनर." तुझ्या मशीनवाल्याने फसवण्यासाठी सांगितलेलं नाही. तो त्याच्या अनुभवाचंच बोलतोय. पण तो अनुभव लोखंडी ब्लॉकचा आहे. ट्रॅक्टरचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि लाइनरही ओतीव लोखंडाचा. दोघं तापले की सारखे फुगतात. तुझ्या ३९० चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आणि सगळी भानगड इथेच सुरू होते.

ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं. तुझा बोअर ८९ मिमीचा आहे. शंभर अंश तापमान वाढलं की त्या मापाचं ॲल्युमिनियमचं भोक जवळजवळ ०.२० मिमी मोठं होतं, आणि तेवढ्याच तापमानाला लोखंडी लाइनर बाहेरून फक्त ०.१० मिमी. आमच्याकडे ०.०१ मिमीला शतांश म्हणतात, म्हणजे दोघांत दहा शतांशांचं अंतर पडलं. आता लाइनर बसवताना आपण त्याला भोकापेक्षा जेमतेम पाच ते आठ शतांश मोठा ठेवतो, म्हणजे तो दाबून बसतो. मग हिशोबाने तो चालू इंजिनात सुटायला हवा. रोज सुटत नाही, कारण लाइनर आतल्या आगीजवळ असतो आणि ब्लॉकच्या मागे पाणी खेळत असतं. समज, थंड इंजिन तीस अंशांवर होतं, आता लाइनर दीडशे अंशांवर आहे आणि ब्लॉक शंभरावर, तर फुगण्यातला फरक दोनच शतांश राहतो आणि पकड टिकते. पण पाणी गेलं, ब्लॉक १६० वर आणि लाइनर १९० वर पोचला, की फरक पुन्हा दहा शतांशांवर जातो आणि पकड संपते. पकड सुटायची वेळ आणि पाणी जायची वेळ एकच. तुझ्या गाडीचं जे झालं तेच पुढच्या वेळी लाइनरसकट झालं, तर लाइनर ब्लॉकमध्ये सैल होऊन हलेल.

हललेल्या लाइनरचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. लाइनर आणि ब्लॉक यांच्यामध्ये दोन शतांशांची फट पडली असं धर. नख तिथे अडकणार नाही, सगळ्यात पातळ फीलर गेज शिरणार नाही. पण त्या फटीत हवा असते, आणि गरम हवेतून उष्णता जाण्याचा वेग ओतीव लोखंडाच्या दीड हजाराव्या भागाहूनही कमी. गुणाकार करून बघ. दोन शतांशांची हवा म्हणजे उष्णतेच्या वाटेत उभी केलेली सुमारे ३३ मिमी जाडीची लोखंडी भिंत. तू टाकणार अडीच मिमीचा लाइनर, पण इंजिनाला तो पस्तीस मिमीचा वाटणार. पिस्टनची उष्णता मुख्यतः रिंगांतून (पिस्टनवर बसवलेल्या धातूच्या कड्यांतून) बोअरच्या भिंतीत आणि तिथून पाण्यात जाते. ती वाट तिथे बंद पडली की त्या बाजूला पिस्टन फुगतो, तेलाचा पापुद्रा जळतो आणि पुन्हा रेघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रेडिएटरवर येणारी हवाच भट्टीतली असते. पुण्यात किंवा नाशकात जो लाइनर पावसाळा-हिवाळा सुखाने काढेल, तो धुळे-जळगावच्या उन्हात उघडा पडतो.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. वॉटर-कूल्ड ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये मी पहिल्यांदा लाइनर टाकला तेव्हा ट्रॅक्टरच्या सवयीने भोक वरपासून खालपर्यंत सरळ मारलं. खाली बैठक ठेवली नाही, वर कॉलर ठेवली नाही. पकड घट्ट होती, मोजमाप बरोबर होतं, गाडी पंधरा दिवस छान चालली. मग गिऱ्हाईक चाळीसगावहून कन्नडचा घाट चढत होतं, अर्ध्यात इंजिन तापलं आणि हेडचं (ब्लॉकवरच्या झाकणाचं) पॅकिंग उडालं. खोलून पाहिलं तर लाइनर ब्लॉकच्या तोंडापासून सहा शतांश खाली गेला होता. सहा शतांश म्हणजे केसाच्या जाडीएवढं, पण पॅकिंगला तेवढं पुरतं. त्या गाडीचा ब्लॉक मी माझ्या पैशाने नवीन आणून दिला. तेव्हापासून ॲल्युमिनियममध्ये लाइनर टाकताना मी खाली खांदा सोडतो, म्हणजे भोकाच्या तळाशी मूळ धातूची एक पायरी, ज्यावर लाइनर टेकून राहील. भिंत पातळ असेल तर वर कॉलर, म्हणजे लाइनरच्या वरच्या टोकाला बाहेर आलेली कडा. दोन्हीपैकी एकही शक्य नसेल तर काम घेत नाही.

आता कोटिंगकडे येऊ. निकासिल म्हणजे निकेलचा पातळ थर, आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे दोन-तीन मायक्रॉनचे कण पेरलेले. विजेच्या टाकीत ॲल्युमिनियमच्या बोअरवर हा थर चढवतात आणि मग हिऱ्याच्या दगडांनी होनिंग करून मापाला आणतात. शेवटी थर उरतो साधारण सहा ते आठ शतांश. जर्मनीच्या माह्ले कंपनीने १९६७ मध्ये तो वँकेल इंजिनासाठी (ज्यात पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असतो) आणला. निकेलपेक्षा खरं काम कार्बाइडचे कण करतात. निकेल किंचित झिजून कणांची डोकी वर राहतात, रिंग त्यांच्यावर चालते आणि मधल्या खोलगट जागेत तेल धरून राहतं. थर इतका पातळ की उष्णतेला तो जाणवतच नाही. शिवाय तो ॲल्युमिनियमला धातूनेच चिकटलेला असतो, मध्ये हवेला जागाच नाही.

पातळपणाचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. जास्त मोठा बोअर हवा असेल तर लाइनर टाकावा असं सगळे समजतात. हिशोब उलटा आहे. ८९ चा बोअर ठेवून अडीच मिमीचा लाइनर टाकायचा तर ब्लॉकमध्ये ९४ मिमीचं भोक मारावं लागेल. ते पाच मिमी येणार कुठून? पाण्याच्या पोकळीच्या भिंतीतून. पोर्शने १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस मध्ये बोअर ८४ वरून ९० मिमी केला आणि इंजिन २.४ वरून २.७ लिटरवर नेलं, ते निकासिलच्याच जोरावर. सिलिंडरांमधलं अंतर तेच होतं, स्टड तिथेच होते. जाड भिंतीचा सिलिंडर त्या जागेत मावलाच नसता.

गंधकाची भीती खरी आहे, पण जुनी आहे. नव्वदीच्या दशकात बीएमडब्ल्यू आणि जॅग्वारच्या निकासिलच्या इंजिनांचे बोअर गेले, कारण त्या काळच्या पेट्रोलमध्ये काही देशांत गंधक खूप होता. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद केलं की जळलेल्या गंधकापासून बोअरवर आम्ल जमायचं आणि ते निकेल खायचं. बीएमडब्ल्यूने पुढे त्या इंजिनांसाठी दुसऱ्या जातीचे बोअर घेतले. आपल्याकडे बीएस-३ च्या पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा १५० पीपीएम (दहा लाखात १५० भाग) होती, बीएस-४ मध्ये ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती १० आहे. आजच्या पंपावरच्या पेट्रोलने तुझं कोटिंग खाल्लं जाईल ही काळजी सोडून दे. उलट, गाडी पावसाळाभर उभी राहिली की लोखंडी बोअरमध्ये पिस्टन जिथे थांबलाय तिथे गंजाची कडी पडते. ती मी दर ऑक्टोबरात बघतो. निकेलला तो त्रास जवळपास नाही.

आता तुझ्या ब्लॉकचं. नवीन काही करायच्या आधी तो खरंच मेलाय का, ते बघ. ही पायरी आपल्याकडे कुणी करतच नाही आणि चांगले ब्लॉक भंगारात जातात. पिस्टन ॲल्युमिनियमचा, कोटिंग त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. गाडी पकडते तेव्हा बहुतेक वेळा पिस्टनचा धातू वितळून बोअरवर चोपडला जातो. त्या रेघा खोदलेल्या नसतात, वर चिकटलेल्या असतात. बोट फिरवून बघ, खाच लागते की उंचवटा. उंचवटा लागत असेल तर आशा आहे.

फरशी साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यात पातळ करून (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही) कापसाच्या बोळ्याने फक्त त्या रेघेवर लावायचं. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, काम उघड्यावर, आणि आईच्या न्हाणीघरात अजिबात नाही. फेस येईल, म्हणजे ॲल्युमिनियम विरघळतंय. पुसायचं, धुवायचं, पुन्हा लावायचं. चिकटलेला धातू संपला की फेस थांबतो आणि खाली राखाडी, एकसारखं कोटिंग दिसतं. फेस थांबायचं नावच घेत नसेल तर लगेच थांब. याचा अर्थ कोटिंगला भोक आहे आणि ॲसिड ब्लॉकच खातंय. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, सुकवून तेल लाव.

एवढं झाल्यावर बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं सहा मापं घे. बोअर गोल आणि मापात असेल, नखाला खाच लागत नसेल, तर तुला लाइनरही नको आणि कोटिंगही नको. नवा पिस्टन, नव्या रिंगा, हलक्या हाताने घोटलेला बोअर, बस. एक सांभाळ: साध्या होनिंगच्या दगडाने "थोडं साफ करून देतो" असं कुणी म्हणालं तर ब्लॉक उचलून घरी आण. सहा शतांशांचा थर आहे. ट्रॅक्टरच्या लाइनरसारखा दगड फिरवला तर काही मिनिटांत तो कुठे आहे आणि कुठे नाही याचा भरवसा राहत नाही. "पाव मिमी ओव्हरसाइज मारू" हे तर कोटिंगच्या ब्लॉकला लागूच होत नाही. पाव मिमी मारला की कोटिंग गेलं, उरलं नुसतं ॲल्युमिनियम.

कोटिंग सोलटलं असेल, खाली चकचकीत पांढरं ॲल्युमिनियम दिसत असेल, तर दोन रस्ते. पहिला, कंपनीचा नवा ब्लॉक-पिस्टन सेट. दुसरा, पुन्हा कोटिंग. आधी शोरूममध्ये नव्या सेटचा भाव विचार, मग कोटिंगवाल्याचा भाव, त्यात जायचं-यायचं पार्सल आणि नवा पिस्टन मिळव. एका सिलिंडरच्या गाडीत हे दोन आकडे पुष्कळदा जवळजवळ येतात, आणि तसं असेल तर मी नवा सेट घ्यायला सांगतो. कंपनी ब्लॉक आणि पिस्टन एक-दोन अशा मापाच्या गटांत जुळवून देते, ती जुळणी फुकट मिळते. कोटिंग तेव्हाच, जेव्हा नवा ब्लॉक मिळत नाही किंवा तुला तुझ्या खास पिस्टनच्या मापाचा बोअर हवा आहे. हाय-कॉम्प्रेशन पिस्टन घेणार असशील तर तुझं कारण हे दुसरं असू शकतं.

हे काम माझ्या माहितीत आपल्या धुळे-जळगावात होत नाही, बाहेर पाठवावं लागतं. पाठवशील तेव्हा तीन गोष्टी विचार. जुना थर कसा काढतात? नव्या थराचं होनिंग हिऱ्याच्या दगडाने करतात का? आणि होनिंगच्या वेळी टॉर्क प्लेट लावतात का? तिसरा प्रश्न परफॉर्मन्स इंजिनाला सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो लाइनरलाही तेवढाच लागू. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर थोडा वाकतो. मोकळ्या ब्लॉकला गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. म्हणून हेडच्या जागी जाड प्लेट ठेवायची, त्याच बोल्टने, त्याच टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळायची आणि मग होनिंग करायचं. तुझं इंजिन ९,५०० आरपीएमवर गेलं की ६० मिमीच्या स्ट्रोकला (वर-खाली धावेला) पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर होतो. यामाहाची जुनी आरएक्स १०० ही गाडी ७,५०० आरपीएमवर साडेबारा मीटर करते. एकोणीस मीटरच्या वेगाला रिंग वाकड्या भिंतीच्या मागे मागे धावू शकत नाही. तेल वर येतं, गॅस खाली जातो, आणि मग लोक पिस्टनला नावं ठेवतात.

एकदा बाहेरून कोटिंग होऊन आलेल्या ब्लॉकची खालची कडा मी भिंगाखाली पाहिली तर थर कडेला पापडासारखा उचलला होता. कडेला चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, मारलेलाच नव्हता. धारदार कोपऱ्यावर निकेल जाड जमतं आणि तिथूनच तुटतं. तसाच बसवला असता तर तो तुकडा रिंगेखाली गेला असता. मी परत पाठवला. त्यांनी निमूट पुन्हा करून दिला, पण सव्वा महिना गेला. म्हणून ब्लॉक आला की आधी कडा बघायच्या, आणि टू-स्ट्रोक असेल तर प्रत्येक पोर्टच्या (बोअरच्या भिंतीतल्या खिडकीच्या) चारही कडा.

पिस्टनची फट हा आणखी एक मुद्दा. कोटिंगच्या बोअरमध्ये पिस्टनही ॲल्युमिनियमचा आणि भिंतही ॲल्युमिनियमची, म्हणून थंड इंजिनात फट कमी ठेवता येते. त्याच ब्लॉकला लाइनर टाकून तीच फट ठेवलीस तर पिस्टन फुगेल आणि भिंत तेवढी फुगणार नाही, पकडलंच समज. लाइनर टाकलेल्या कितीतरी गाड्या पहिल्या आठवड्यात पकडतात त्या याच कारणाने. पिस्टनची जातही विचार. फोर्ज्ड पिस्टन दोन मिश्रधातूंत मिळतात, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये बाराएक टक्के सिलिकॉन असतं, तो कमी फुगतो. २६१८ मार जास्त खातो पण फुगतोही जास्त, त्याला फट जास्त लागते आणि थंड असताना तो खडखडतो. तुझी गाडी रोज कॉलेजला जाणार आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर, तर ४०३२ घे. फट किती ठेवायची ते पिस्टनच्या डब्यावर लिहिलेलं असतं. ते मशीनवाल्याला वाचून दाखव आणि त्याने त्याच पिस्टनला मायक्रोमीटर लावून बोअर केला पाहिजे.

आता जिप्सी. १,२९८ सीसीचं इंजिन, बोअर ७४ मिमी, आणि तो मुळातच लोखंडी. तिथे कोटिंगचा विचार कशाला? ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, पुन्हा बोअर मारता येतो, आणि रॅलीत काही झालं तर दोन दिवसांत धुळ्यातच काम होतं. दूरच्या कोटिंगवाल्याच्या रांगेत ब्लॉक पडून राहिला आणि रॅली निघून गेली, तर त्या कोटिंगचा काय उपयोग? पहिलं ओव्हरसाइज मारायचं, टॉर्क प्लेट लावून होनिंग करायचं, आणि खर्च एअर फिल्टरवर करायचा.

फिल्टरचं सांगतो, कारण आपल्या भागात इंजिनाचा खरा शत्रू धूळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यांवर जी बारीक माती उडते तिच्यातली वाळू ओतीव लोखंडापेक्षा चार-पाचपट कठीण असते. लोखंडी बोअर ती सरळ कापते. सिलिकॉन कार्बाइड वाळूपेक्षाही दुप्पट कठीण, म्हणून कोटिंगचा बोअर धुळीत जास्त टिकतो हे खरं. पण धूळ गप्प बसत नाही, मग ती रिंगा खाते. सैल फिल्टर लावून धावलेली एक कोटिंगची गाडी माझ्याकडे आली होती. बोअर मापात, होनिंगच्या तिरप्या रेघा शाबूत, आणि रिंगांची टोकं मिमीभर उघडी. तेव्हा मोठा आवाज करणारा उघडा फिल्टर ना तुझ्या गाडीला, ना जिप्सीला.

लाइनरला मी वाईट म्हणत नाही. त्याची जागा वेगळी आहे. मोठा टर्बो लावलेल्या, वरचं तोंड उघडं असलेल्या (ओपन डेकच्या) ॲल्युमिनियम इंजिनात सिलिंडर दाबाने हलतो किंवा तडकतो. तिथे कोटिंग काहीच करू शकत नाही, कारण सहा शतांशांचा थर भिंतीला ताकद देत नाही. तिथे जाड, वरून कॉलर असलेला डक्टाइल लोखंडाचा लाइनर हवाच. बोअरला खोल खाच पडली, कनेक्टिंग रॉड तुटून भिंत फुटली, नवा ब्लॉक बाजारात नाही, तिथेही लाइनर. तुमच्या काकाची आरएक्स १०० असेल, ५० मिमीचा लोखंडी बोअर एक मिमी ओव्हरसाइजपर्यंत मारून संपला असेल, तर लाइनर टाकून स्टँडर्डवर आणणं हे उत्तम काम आहे. मी ते आनंदाने करतो, फक्त पोर्टच्या खिडक्या जुळवायला वेळ लागतो. गाडी कशीही असो, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये लाइनर टाकायचा तर ब्लॉक ओव्हनमध्ये दीडशे-पावणेदोनशे अंशांवर सगळीकडून सारखा तापवायचा, लाइनर फ्रीजरमध्ये किंवा ड्राय आइसमध्ये गार करायचा आणि तो हाताने खाली सोडायचा. पूर्ण गार होईपर्यंत वरून दाब ठेवायचा, मग बोअर मारायचा, मग डेक, म्हणजे ब्लॉकचं वरचं तोंड, मशीनवर सपाट करायचं. गॅसच्या टॉर्चने एका बाजूने तापवून हातोड्याने ठोकणारा दिसला तर काम देऊ नकोस. ब्लॉक वाकतो, ॲल्युमिनियम मऊ पडतं, आणि लाइनर भोकाची भिंत खरडत खाली जातो. त्या खरडीतच मघाशी सांगितलेली हवा बसते.

तिसरी जात पण आहे आणि तिच्यात लोक हमखास चुकतात. यामाहाच्या आर१५ ला, २००८ पासूनच, ना लाइनर आहे ना कोटिंग. तिचा डायसिल सिलिंडर म्हणजे सुमारे २० टक्के सिलिकॉन मिसळलेलं ॲल्युमिनियम, आणि रिंगा थेट त्यावर चालतात. कुणाची आर१५ आली तर तिला निकासिल समजून काही करू नका. तिला नवा सिलिंडरच घ्या. ब्लॉक कुठल्या जातीचा ते ओळखायला वरच्या तोंडावर बघायचं. लोखंडी लाइनर असेल तर वेगळ्या रंगाची कडी स्पष्ट दिसते आणि चुंबक घट्ट चिकटतं. कोटिंगच्या आणि डायसिलच्या बोअरला तसं चुंबक धरत नाही.

इंजिन बांधून झाल्यावर पहिल्या दिवशी गाडी घरासमोर उभी करून तासभर चालू ठेवू नकोस. रिंगा मुरतात त्या भाराखाली. इंजिन गरम झालं की रस्त्यावर काढ, अर्ध्या थ्रॉटलने ओढ, सोड, पुन्हा ओढ. शंभरेक किलोमीटरला पहिलं तेल आणि फिल्टर बदल. हाय-कॉम्प्रेशन पिस्टन टाकलास तर मॅपिंग (इंधन आणि ठिणगीची संगणकातली जुळणी) केल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल नाही, कारण नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) सुरू झालं तर कोटिंगही वाचवणार नाही आणि लाइनरही नाही. आणि सगळ्यात आधी तो कूलंटचा पाइप, त्याचा क्लॅम्प आणि रेडिएटरची कॅप नवी घे. तुझं इंजिन बोअरमुळे गेलेलं नाही, पाण्यामुळे गेलंय. रेडिएटर चोंदलाय का, पंखा कोणत्या तापमानाला लागतो, हेड वाकलंय का, हे न बघता बोअरवर पैसे घालशील तर पुढच्या मे महिन्यात आपण हेच बोलत असू.

रविवार सोडून कधीही ये. ब्लॉक पाठवायचाच असेल तर धुऊन, सुकवून, बोअरला तेल लावून, वरच्या तोंडावर लाकडी फळी बांधून पाठव, म्हणजे तोंडाला ओरखडे येणार नाहीत. ॲसिडचा प्रयोग जमणार नसेल तर तो इथे मी करून दाखवतो. हेड आण, जुना पिस्टन रिंगांसकट आण, नवीन घेतला असशील तर तो डब्यासकट आण. जुन्या पिस्टनवर कुठल्या बाजूला घासलंय, मागे-पुढे की चारही कोपऱ्यांवर, ते बघितल्याशिवाय नुसता ब्लॉक मोजून मी काही सांगणार नाही.